सोलापूरहून लक्झेंबर्गला बिऱ्हाड हलवतोय, रोजच्या जगण्याचं सांगा

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात गुंतवणूक फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीत आहे. कंपनीने लक्झेंबर्गच्या ऑफिसात घेतलंय. अमेरिकेनंतर फंडांचं सगळ्यात मोठं केंद्र तेच, त्यामुळे आमच्या धंद्यात ती पंढरीच म्हणायची. कॉन्ट्रॅक्ट तिथलं आहे, कायमचं. दोन वर्षांनी गुंडाळून परत, असला प्रकार नाही. राहण्याच्या परवानगीचं पत्र आलं, व्हिसाचे कागद दिल्लीला गेलेत, आणि मी सध्या जुळे सोलापुरात घरी बसून बॅगांची यादी करतोय.

पगार, टॅक्स, विमा हे सगळं एचआरने दोनदा समजावून झालंय. ते सांगू नका. मला रोजचं जगणं विचारायचंय. बायको बी.फार्म आहे, इथे मेडिकलमध्ये बसायची. मुलगी पाच वर्षांची, मराठी आणि थोडं इंग्रजी एवढीच शिदोरी. मला इंग्रजीशिवाय तिकडची एकही भाषा येत नाही. घर कुठे घ्यावं, पोरीला कुठल्या शाळेत घालावं, बायको दिवसभर करणार काय, काही कळत नाही. कंपनीतला एक जण म्हणतो फ्रान्सच्या हद्दीत राहा, भाडं बरंच वाचेल.

आणि आई रोज सकाळी चहाबरोबर एकच विचारते, "एवढ्याशा देशात माणसं तरी भेटतील का रे तुम्हाला?" तिला काय उत्तर देऊ?

हुतात्मा_एक्सप्रेस

काय बे, देशाची लोकसंख्या सात लाखांच्या आत आणि २०११ ला आपलं नुसतं शहर साडेनऊ लाखांचं! तिकडे जाऊन निवडणुकीला उभा राहा, निवडून येशील.

चेष्टा सोड. मी शेजारी जर्मनीत होतो तेव्हा अधूनमधून जायचो. बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग अख्ख्या देशात फुकट आहे, १ मार्च २०२० पासून. तिकीटच नाही, त्यामुळे टीसी आला तरी छातीत धस्स होत नाही. २०२५ पासून ट्राम विमानतळापर्यंत येते. बॅगा घेऊन उतरलास की टॅक्सीच्या नादी लागू नको. बाकी माहितगार सांगतील.

कन्ना_चौक

मी बरीच वर्षं तिथे आहे. आधी राजधानीत, स्टेशनमागच्या बोनव्वा भागात, आता दक्षिणेला एश गावात. यंदा गड्ड्याच्या जत्रेसाठी रजा टाकून सोलापुरात आलेय, म्हणून निवांत लिहिते. लांबेल, चालवून घ्या.

तुमच्या आईंचा प्रश्न तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा नेमका आहे, तोच आधी घेते.

माणसं भेटतात, पण आपण जिथे शोधतो तिथे नाही भेटत. पुण्यात आपली उठबस सगळी ऑफिसातल्या लोकांत. डबा त्यांच्याबरोबर, शनिवारचा सिनेमा त्यांच्याबरोबर, घर शिफ्ट करायला टेम्पोत तेच. लक्झेंबर्गमध्ये नोकरी करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक रोज फ्रान्स, बेल्जियम नाहीतर जर्मनीतून येतात. दोन लाखांच्या वर आहेत. पाच वाजले की बॅग खांद्याला, कुणी मेट्झची गाडी धरतंय, कुणी ट्रिअरची बस, कुणाला सीमेपलीकडचं पाळणाघर बंद व्हायच्या आत गाठायचंय. माझ्या पहिल्या टीममध्ये देशाच्या आत राहणारी मी एकटी होते. दुपारी जेवताना इतकी चांगली माणसं, आणि शुक्रवारी संध्याकाळी फोन करावा असं कुणीच गावात नाही. मला वाटायचं माझ्यातच काही खोट आहे. तसं नसतं, त्यांचं घर दुसऱ्या देशात असतं, एवढंच.

जे संध्याकाळी तिथेच असतात, त्यांतलेही जवळजवळ निम्मे परदेशी नागरिक. सगळ्यात जास्त पोर्तुगीज. मग फ्रेंच, इटालियन, बेल्जियन आणि आपल्यासारखे. सगळेच कुठून तरी आलेले, त्यामुळे यजमान असा कुणी नाहीच. कुणीतरी "या, बसा" म्हणेल म्हणून वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. शाळेच्या फाटकात, बिल्डिंगच्या जिन्यात, गावच्या बँडच्या कार्यक्रमात, फुटबॉलच्या मैदानाकडेला आपणच पुढे होऊन "मॉयन" म्हणायचं. हा तिथला नमस्कार, सकाळ-संध्याकाळ सारखाच चालतो. माझ्या आजच्या मैत्रिणी सगळ्या मुलाच्या वर्गातल्या आया आहेत, ऑफिसातली एकही नाही. म्हणून घर निवडताना ऑफिस किती लांब हे दुसऱ्या नंबरावर ठेवा. शाळा आणि घर एकाच गावात हवं. देश एवढा आटोपशीर आहे की ऑफिसला कुठूनही पोचता.

आता भाषा. पुण्या-मुंबईची माणसं तिथे गेली की ह्या बाबतीत गांगरतात. शाळेत बाई लक्झेंबर्गिश बोलतात, बेकरीत फ्रेंच, दातांचा डॉक्टर जर्मन, नळ दुरुस्त करणारा पोर्तुगीज. आपण सोलापूरच्या पूर्व भागातले लोक. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, भाजीवालीशी कानडी, रिक्षावाल्याशी दखनी हिंदी. वडिलांच्या मागावर एकाच पाळीत तीन भाषांत शिव्या ऐकल्यात मी. समोरचा ज्या भाषेत तोंड उघडेल त्यात आपण शिरायचं, चुकलं तर चुकलं, ही सवय आपल्याला आयती आहे. ती तिथे वापरा. व्याकरण घोकत बसू नका.

पण इंग्रजीवर सगळं भागतं असं जे सांगतात ते ऑफिसपुरतं खरं. घरमालकाचं पत्र, सोसायटीची नोटीस, विजेचं बिल, सरकारी खिडकी, इथे फ्रेंच लागते. तेव्हा पहिल्या दिवसापासून फ्रेंच धरा. लक्झेंबर्गिश त्यानंतर. नोकरीत सहा महिने झाले की ती शिकायला एकूण २०० तासांपर्यंत पगारी रजा मिळते, कायद्यानेच. पुढे नागरिकत्व घ्यायचं मनात आलं तर पाच वर्षांचं वास्तव्य आणि लक्झेंबर्गिशची परीक्षा लागते. फ्रेंच कितीही फाडफाड आली तरी तिथे ती चालत नाही.

पोरीचं सांगते. तिथे चौथ्या वर्षापासून शाळा सक्तीची. तुमची पाच वर्षांची म्हणजे बालवर्गात जाईल आणि तिथे सगळं लक्झेंबर्गिशमध्ये. घाबरू नका, ती तुमच्या आधी बोलायला लागेल आणि तुम्हाला सुधारेल. खरी अडचण सहाव्या वर्षी. सरकारी शाळेत लिहा-वाचायला परंपरेने जर्मनमधून शिकवतात, फ्रेंच लगेच मागून येते. घरात ह्यातलं काहीच नाही म्हटल्यावर अभ्यास घेताना आईबाप रडकुंडीला येतात. त्याला पर्याय म्हणून सरकारनेच काढलेल्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, त्यांत इंग्रजी शाखा असते आणि फी नाही. डिफरडांज-एशची २०१६ ला सुरू झालेली शाळा ही त्यांतली पहिली. प्रवेश भराभर संपतात, व्हिसा यायची वाट न बघता आत्ताच मेल टाका. खासगी इंग्रजी शाळेची फी ऐकलीत तर बदलीच नको म्हणाल.

तरीही मी मुलाला साध्या गावच्या शाळेत घातलं. कायमचं राहायचं असेल तर त्या गावातली पोरं त्याची व्हायला हवीत, असं माझं मत. नवऱ्याचं मत अजूनही वेगळं आहे.

वहिनींच्या नोकरीचं. २०२३ च्या कायदाबदलानंतर कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला वेगळा परवाना न काढता काम करता येतं, ही फार मोठी सोय झाली. आमच्या वेळी नव्हती. पण औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून उभं राहायचं तर पदवीला सरकारी मान्यता हवी आणि गिऱ्हाइकाची भाषाही. तेव्हा पहिलं वर्ष भाषेच्या क्लासला दिलंत तर ते फुकट गेलं असं समजू नका. त्या क्लासात त्यांना पहिली ओळख मिळेल, हा त्यातला मोठा फायदा.

कागदपत्रं एचआर सांगतं, पण पळापळ तुमचीच असते. पोचल्यावर कामाच्या तीन दिवसांत ज्या गावात राहणार तिथल्या कम्यूनमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, नोंद करायची. मग डॉक्टरी तपासणी, टीबीची तपासणी, आणि तीन महिन्यांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. तुम्हाला तेरा आकडी नंबर मिळेल, सुरुवातीला तुमची जन्मतारीख, वर्ष आधी. तो पाठच करा. बँक, डॉक्टर, शाळा, सगळीकडे तोंडी विचारतात.

आणि पत्रपेटीवर नाव लावा, आधी ते आणि मग बॅगा उघडा. तिथे सगळं पोस्टाने येतं, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, कचेरीचं बोलावणं. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र सरळ परत नेतो. आमचं आडनाव लांबलचक तेलुगू, पेटीवरच्या पट्टीत मावेना. नवऱ्याने बारीक अक्षरात लिहिलं, तर पोस्टमनने खाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. शेवटी दोन ओळींत लिहून चिकटपट्टीने डकवलं.

भाडं महाग आहे, गोड बोलून उपयोग नाही. राजधानीत एका बेडरूमच्या घराला दीड हजार युरोच्या खाली हात लावणं अवघड. २०२४ च्या नव्या कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं झालं आणि एजंटाची दलाली मालक-भाडेकरूत निम्मी-निम्मी. तरी मालक पगाराच्या मागच्या तीन स्लिपा मागतो आणि नव्या माणसाकडे त्या नसतात. कंपनीकडून पत्र आणि पहिल्या दोन महिन्यांची तात्पुरती जागा मागून घ्या. हे सही करायच्या आधी मागायचं असतं.

फ्रान्सच्या हद्दीत राहा म्हणणाऱ्या तुमच्या मित्राचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. युरोपियन असेल तर त्याला चालतं. आपल्याला लक्झेंबर्गचं परमिट लक्झेंबर्गमध्ये राहण्यासाठी मिळतं. त्यावर फ्रान्सला भाजी आणायला जा, फिरायला जा, पण बिऱ्हाड करायचं तर फ्रान्सचं परमिट वेगळं काढावं लागतं.

डॉक्टरकडे पैसे साधारणपणे आधी आपण भरतो, मग पावती आरोग्य निधीला पाठवली की बराचसा भाग खात्यात परत येतो. पहिले काही महिने खिशात तेवढी ऊब ठेवा. रविवारी दुपारनंतर बाजार बहुतेक बंद, दूध संपलं तर पेट्रोल पंपावरचं दुकान. रविवारी आवाजही नको. मी एका रविवारी सकाळी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. तेल सुटेपर्यंत कुटायची म्हणजे किती वेळ लागतो तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी जिन्यात फ्रेंचमध्ये चिठ्ठी, वरच्या मजल्यावर भिंतीचं काम चालू असेल तर कृपया आठवड्यात करावं. चिठ्ठीवर सही नव्हती, पण अक्षर खालच्या आजींचं. तेव्हापासून चटणी शनिवारी.

थंडीचं काही वाटत नाही, घरं गरम असतात. आपल्याला छळतो तो उजेड. डिसेंबरात साडेआठला उजाडतं, साडेचारला दिवे लागतात, आणि मधल्या वेळात भुरभुर पाऊस. बर्फ फार नाही, नुसतं करडं. ४३ डिग्रीत वाढलेल्या माणसाला हे जड जातं, विशेषतः दिवसभर घरात असणाऱ्याला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वहिनींना रोज दुपारी घराबाहेर पडायला काहीतरी कारण हवंच.

आर्लोंवाला

ताईंचं बाकी सगळं पटलं, ऑफिसच्या मैत्रीचं नाही पटलं. मी सीमेपलीकडे बेल्जियममध्ये आर्लोंला राहतो. बायकोची नोकरी बेल्जियमची, परमिट बेल्जियमचं, त्यामुळे मला ते जमलं. आमची मैत्री रेल्वेत होते की! रोज तोच डबा, तीच माणसं, वाढदिवसाचा केकसुद्धा गाडीत कापतो. फक्त फुकट प्रवास सीमेपर्यंतच, पुढच्या तुकड्याचे पैसे पडतात.

घर मोठं मिळतं, अंगण मिळतं. पण गाडी चुकली किंवा संप झाला की दिवस गेला. लहान पोर असेल तर ताई म्हणतात तेच करा, आतच राहा.

अजून एक. पासपोर्ट संपत आला असेल तर इथूनच नवा करून घ्या. लक्झेंबर्गचं काम आपली ब्रसेल्सची वकिलात बघते. म्हणजे रजा काढून तीन-साडेतीन तासांची रेल्वे आली.

निवृत्त_मास्तर

चिरंजीव, तुमच्या आईसाठी लिहितो. आमची लेक तिकडे आहे. मी आणि सौ. मागे मे महिन्यात गेलो, ऑगस्ट लागायच्या आत आलो. पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि ३० हजार युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, तो इथूनच काढावा. आईवडिलांना उन्हाळ्यातच बोलवा. आपला सोलापूरचा मे चुकतो, हा एक फायदा आणि उजेडाचा दुसरा.

उजेडाची मात्र गंमत झाली. सौ. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावल्याशिवाय जेवत नाही. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतो पावणेदहाला. पहिले दोन दिवस ती उपाशी बसून खिडकीतून पश्चिमेकडे बघत होती, जावई अवघडून गेले. मग मी निर्णय दिला की सोलापुरात दिवा लागला की इथेही लावायचा, म्हणजे तिकडच्या दुपारी साडेतीनला. घड्याळ मानले, प्रश्न मिटला.

माणसांचे म्हणाल तर, मला इथे सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी चौघे भेटल्याशिवाय चैन पडत नाही. तिकडे बाकावर बसलो की लोक हसून मान हलवत, पुढे बोलणे होत नसे. मग मी रोज बस धरू लागलो. भाडे नाहीच. व्हियांदेनचा किल्ला पाहिला, एख्टरनाख पाहिले, कधी नुसता शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत. एका ड्रायव्हरला मी पाठ झालो होतो. तो पोर्तुगीज, मी मराठी, बोलणे हातवाऱ्यांचे. तुमच्या वडिलांना पायी चालण्याची आवड असेल तर त्यांचे छान चालेल. आईंना मात्र नातीच्या शाळेच्या वेळा सांभाळायला द्या, नाहीतर कंटाळतील.

मालदांडी

खाण्याचं कुणीच नीट लिहीना म्हणून मी. स्टेशनजवळ आशियाई दुकानं आहेत, डाळी, तांदूळ, कणीक, मसाले मिळतात. ज्वारीचं पीठ मिळालं तरी जुनं असतं, भाकरी थापताना चिरते. मंगळवेढ्याची ज्वारी दळून बॅगेत नेणारे आम्ही, जेवढं वजन बसेल तेवढी.

पण बॅग भरताना एक लक्षात ठेवा. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचं काहीही आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, चीज सगळं इथेच ठेवा. कढीपत्ता आणि आंबेही नकोत, ताज्या फळा-पाल्याला बहुतेक वेळा रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. शेंगाचटणी, कडक भाकरी, कोरडे मसाले, पीठ ह्याला आम्हाला कधी कुणी अडवलं नाही. आईनं प्रेमाने डब्यात तूप घातलंच तर विमानतळावर कचऱ्यात जाईल, आधीच समजावा.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. आई म्हणाली, "म्हणजे फाटकात उभं राहून बोलायचं ना, ते मला येतं." मास्तरकाकांचं दिव्याचं उत्तर तिला पटलेलं नाही, ती गुरुजींना विचारणार आहे.

शाळेला आजच मेल टाकतो. कंपनीला तात्पुरत्या जागेचं विचारलं, एक महिना देतो म्हणाले, दोनासाठी भांडतोय.

आता शेवटचं. बायको विचारतेय कुकर आणि तवा इथून न्यावा का? मिक्सर चालतो का?

कन्ना_चौक

एक महिन्यावर सही करू नका, दोन मिळतात.

मिक्सर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच २३०. फक्त पिन वेगळी, अडॅप्टर घ्या. कुकर स्टीलचा आणि इंडक्शनचा बूड असलेलाच न्या. भाड्याच्या घरांत बहुतेक काचेची शेगडी असते, ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तव्याचंही तसंच, खोलगट तवा काचेवर डुलतो. सपाट बुडाचा बिडाचा तवा घ्या, मधल्या मारुतीच्या बाजूला भांड्यांच्या दुकानांत बघा, आणि तो केबिन बॅगेत ठेवू नका, चेक-इनमध्ये टाका. भाकरी तव्यावर दोन्हीकडून भाजून झाली की फडक्याने दाबत फुगवायची, जाळ मिळणार नाही.

वहिनींना मला व्यनि (खासगी निरोप) करायला सांगा. मी महिनाअखेरीला परत जातेय, एशमधल्या एका भाषेच्या क्लासच्या नावनोंदणीची तारीख तिथे गेल्यावर बघून कळवते.